रादिवोयचा मागं धावणारा ट्रक

"दाब!" रादिवोय ओरडला.

"दाबलाय!" स्तामेना ओरडली.

"आता सोड!"

"आदी सांगावं, मग वरडावं!"

त्या सप्टेंबरात ओराशिना गावाला रोज सकाळी याच आरोळ्यांनी जाग यायची. ट्रक एक आणि चालवणारी माणसं दोन. सुकाणू, गिअर, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर रादिवोयकडं; क्लच त्याच्या बायकोकडं. ती शेजारच्या शिटावर बसायची, द्राक्षाच्या मांडवातली एक खुंटी हातात धरून वाकायची आणि नवऱ्याच्या डाव्या तंगडीवरून ती खुंटी क्लचवर रेटायची. कारण रादिवोयच्या डाव्या गुडघ्यावर हिवाळ्यात अक्रोडाचं झाड पडलं होतं. झाड त्यानंच तोडलं होतं, आणि पडताना ते त्याच्याच अंगावर आलं. डॉक्टरांनी पायात लोखंड घातलं. तेव्हापासून तो पाय वासा घातल्यासारखा सरळ झाला. वाकायचं नाव नाही.

बरं, दुसऱ्या कुणी चालवावा म्हटलं तर गावात तरणं माणूस उरलंय कुठं? सगळी व्हिएन्नात भिंतींना गिलावा करतात. गावातला दुसरा ट्रकही त्यांच्याच मागोमाग तिकडं गेला. आमच्या सगळ्या आळीची लाल मिरची लेस्कोवात्सच्या बाजारात पोचायची ती रादिवोयच्या ट्रकातून. तो ट्रक तरी कसला? मूळचा लष्कराचा. पेट्रोल इतकं प्यायचा की सैन्यानं कंटाळून विकला. रादिवोयनं त्याचं इंजिन काढून भंगारातल्या मळणीयंत्राचं डिझेल इंजिन त्यात बसवलं होतं. चालू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, पण चालायचा.

तर त्या दिवशी चर्चच्या उतारावर नवरा-बायकोचं जुंपलं. विषय स्तामेनाची आई. रादिवोय म्हणाला, तुजी आई आपल्या लग्नात रडली न्हाई, हसली; तवाच मी वळखायला पायजे हुतं. स्तामेनानं खुंटी मांडीवर आडवी ठेवली आणि हाताची घडी घातली.

"दाब!"

"न्हाई दाबत."

"अगं वळण आलं!"

"आईला सांग दाबायला."

वळण आलं आणि गेलंसुद्धा. ट्रक पाद्रीबुवांच्या कुंपणातून आत शिरला, घेवड्याचा सगळा मांडव डोक्यावर घेतला आणि डुकरांच्या खुराड्याला नाक लावून बंद पडला. पाद्रीबुवा दारात दाढी विंचरत उभे होते. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि म्हणाले, "आता दोघांपैकी एकानंच चालवा. कुणीही चालवा. पन एकानं."

हे ऐकून देसिमिर आला.

देसिमिर हा रादिवोयचा कुम. लग्नात पाठीशी उभा राहिला तो, पोरांना बाप्तिस्म्याला हातात धरलं ते त्यानंच. सख्ख्या भावाशी भांडण करता येतं, आमच्याकडं कुमाशी करता येत नाही. त्यामुळं देसिमिर जे म्हणेल ते ऐकून घ्यावं लागतं, आणि देसिमिर फार म्हणतो. निशला शहरी बसगाड्यांच्या वर्कशॉपात होता तो. आता पेन्शन घेऊन घरी.

"कुम, मला सांग," तो रादिवोयच्या अंगणात खुर्चीवर उलटा बसून म्हणाला, "शहरातल्या बसला क्लच असतो का?"

"मला काय ठावं."

"नसतो! डायवर काय करतो? एक पाय चालवतो, एक पाय लांब करून बसतो. गिअर आपापलं पडतं. तुजा पाय तर आदीपासूनच लांब केलेला हाय! देवानं तुला बसचा डायवर म्हनूनच घडवलाय, लेका."

स्तामेना मिरच्या निवडत होती. म्हणाली, "आन् कुमा, बसचं गिअर मळणीयंत्राच्या इंजिनाला कसं बसंल?"

"बसंल. बसवलं की बसंल."

दोन दिवसांनी तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मोडीतल्या बसचं अख्खं पोट घेऊन आला. गिअरबॉक्स, तिच्या तोंडाला भोपळ्याएवढा गोल तेलाचा डबा, मागं फिरणारा दांडा, आणि शेवटी चाकांच्या मधला जाडजूड धुराही.

"धुरा कशाला?" रादिवोयनं विचारलं. "धुरा हाय माज्या गाडीला."

"तुज्या धुऱ्याला हा दांडा जुळत न्हाई. आन् ही दोगं एका बसमदी जल्मभर एकत्र फिरली. जोडी कशाला फोडायची?"

कुम म्हणाला म्हटल्यावर बसवला.

काम सोपं नव्हतं. इंजिनाच्या पाठीची भोकं एका घेरात, गिअरबॉक्सच्या तोंडाची दुसऱ्याच. मधे जाड लोखंडी तबकडी घालून एका बाजूला इंजिनाची भोकं, दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सची पाडायची, असं ठरलं. एवढं जाड लोखंड गावात एकाच ठिकाणी होतं: बंद पडलेल्या सोसायटीच्या वजनकाट्यात. त्या काट्यानं आमच्या बापजाद्यांची मिरची नेहमी कमी भरवलेली. देसिमिरनं तो उचकटून कापायला घेतला तेव्हा म्हाताऱ्या बायकासुद्धा घरातून बाकडी आणून बघायला बसल्या.

तबकडी बसली, पण केसभर एका अंगाला. इंजिन चालू केलं तसा ट्रक असा हादरला की केबिनवर झोपलेलं मांजर उडून अंजिराच्या झाडावर गेलं. मग बिअरचे डबे कापून त्यांच्या पातळ पट्ट्या फटीत घालायच्या, चालू करून बघायचं, परत काढायच्या, परत घालायच्या. डबे रिकामे लागत होते. ते रिकामे करायचं काम आळीतल्या पुरुषांनी वाटून घेतलं. शेवटी हादरा थांबला. इंजिनावर ठेवलेला पाण्याचा पेला हलेना.

मग देसिमिर म्हणाला, "हिचं तेल लई तापतं. थंड करायला काय तरी पायजे. तांब्याची नळी, येटोळी घातलेली, पान्यात बुडवलेली."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

माझ्याकडं राकिया गाळायची भट्टी आहे. आजोबांची. आलुबुखार सडवून चढवायचा, वाफ वेटोळ्यातून जाते, खाली दारू पडते.

"न्हाई," मी म्हणालो.

"शेजारी," रादिवोय म्हणाला, "आलुबुखार अजून झाडावर हाईत. मिरची पोत्यात हाय. तुजी बी हाय."

नळी गेली. केबिनच्या मागं पिंपात जाऊन बसली. माझी बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

गाडी बघायला गाव लोटलं. रादिवोयनं दाढी केली होती. ड्रायव्हरची जुनी टोपी डोक्यावर. ताठ पाय आधी आत घातला, मग स्वतः चढला. डावा पाय त्यानं मस्त लांब केला आणि आमच्याकडं बघून हसला. अपघातानंतर तो असा हसलेला मी बघितला नव्हता.

दांडी पुढच्या खुणेवर ओढली. गाडी हलकेच, लोण्यासारखी, मागं गेली.

"कुम," रादिवोय खिडकीतून म्हणाला, "ही मागं जातीया."

"उलट्यात पडलं असंल."

"न्हाई. पुढच्यात हाय."

"मग उलट्यात टाकून बघ."

टाकलं. इंजिन किंचाळलं आणि गाडी पुढं निघाली. पण कशी? अंगणातून एक हंस चालला होता, तो गाडीला मागं टाकून फाटकाबाहेर गेला.

देसिमिर गाडीखाली शिरला. एक सिगरेट ओढून होईपर्यंत आतच होता. बाहेर आला तेव्हा तोंडावर मोठं समाधान.

"समदं बराबर हाय," तो म्हणाला.

"बराबर?"

"एकदम. बसचं इंजिन तिच्या ढुंगनात असतंय, मागं तोंड करून बसलेलं. म्हनून तिचा धुरा बी त्या हिशेबानं केलेला. आपलं इंजिन पुढं. म्हंजे गिअर बराबर, धुरा बराबर, इंजिन बराबर. फकस्त गाडी उलटी हाय."

रादिवोयनं टोपी काढून हातात घेतली.

"म्हंजे मागं जायाला समदी गिअरं," रादिवोय सावकाश म्हणाला, "आन् पुढं जायाला एकच?"

"तसं म्हनलं तर तसं."

"नीट कसं हुईल?"

"धुरा काढून पालथा घालायचा. बैठकी तोडून परत जोडायच्या, ब्रेकच्या नळ्या फिरवायच्या. आठवडा लागंल."

आठवडा कुठून आणायचा? मिरची तोडून झालेली. प्रत्येकाच्या अंगणात लाल ढीग, पोती शिवून तयार. पश्चिमेच्या डोंगरावर ढग येऊन बसले होते आणि उठायचं नाव घेत नव्हते. भिजलेली मिरची रात्रीत काळी पडते, आणि मुरंबे-लोणच्यांच्या कारखान्याचा खरेदीदार शनिवारी वखार बंद करणार होता. आज शुक्रवार. एकाच गिअरात पुढं जावं तर खिंड चढेपर्यंत इंजिन उकळून गळून पडलं असतं.

"मग मागं मागं जाऊ," देसिमिर म्हणाला.

रादिवोयनं प्रयत्न केला. रिकाम्या ट्रकात बसून, मान वळवून. सगळी हयात पुढं गाडी चालवलेला माणूस. मागं जाताना हात उजवीकडं फिरवायचा तिथं डावीकडं जायचा. गाडी दारुड्यासारखी अंगणभर झोकांड्या खात फिरली आणि शेवटी त्याच्याच घरचा लाकडी संडास घेऊन थांबली. आत कुणी नव्हतं, एवढी देवाची कृपा.

रादिवोय उतरला आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला. मी जवळ गेलो. तो गुडघा चोळत होता.

"शेजारी," तो म्हणाला, "मला वाटलं हुतं, आता कुनाचा टेकू लागनार न्हाई. झालं. आता दुकानापुढच्या बाकड्यावर म्हाताऱ्यांबरुबर पत्ते खेळायचं."

तेवढ्यात मागं इंजिनाचा आवाज बदलला. ट्रक संडासातून अलगद बाहेर आला, थांबला, मागं निघाला, अंजिराच्या झाडाला वळसा घातला, दोन पोत्यांच्या ढिगांमधनं गेला, आणि एकाही पोत्याला न शिवता खळ्यापाशी उभा राहिला. आम्ही बघतच राहिलो. केबिनमध्ये स्तामेना होती.

"हे काय?" रादिवोय म्हणाला.

"फोर्कलिफ्ट," ती म्हणाली.

आम्ही सगळे विसरलो होतो. मिरची डबाबंद करायचा कारखाना चालू होता तोवर स्तामेना तिथं माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवायची. त्या गाडीची मागची चाकं वळतात, पुढची नाही. मागं जाणाऱ्या ट्रकाचंही नेमकं तेच होतं. आणि फोर्कलिफ्टला क्लच नसतो.

"ते खेळनं हुतं," रादिवोय म्हणाला. "ही गाडी हाय."

"मग तू चालव," ती म्हणाली, आणि मोडक्या संडासाकडं बघितलं.

शनिवारी सकाळी निघालो. आळीतली सगळी पोती वर. पोत्यांनी मागची काच झाकली होती, म्हणून माझ्या बायकोचा भिंतीवरचा आरसा दाराला दोरीनं बांधला. स्तामेना सुकाणूवर, शेजारी देसिमिर. रादिवोय ट्रकाच्या पार शेपटाला, म्हणजे आता तोंडाला, पोत्यांवर पाय लांब करून, डोक्यावर ड्रायव्हरची टोपी. आणि मी केबिनच्या टपाला चिकटून, कारण इंजिनाच्या आवाजात त्याचं तिला ऐकू जाईना. तो मला सांगणार, मी तिला.

"तिला म्हनावं डावीकडं!"

"वैनी, डावीकडं घ्या!"

"त्येला म्हनावं, कवाचं घेतलंय!"

"तिला म्हनावं, एवढं न्हाई, बैल हाईत पुढं!"

"त्येला म्हनावं, बैलास्नी बी डोळं असत्यात!"

खिंडीच्या चढाला पिंपातलं पाणी उकळायला लागलं आणि माझ्या आजोबांच्या नळीचा, जुन्या राकियेचा वास घाटभर सुटला. समोरून येणारा एक मेंढपाळ थांबला आणि नाक वर करून आमच्या मागं थोडा चालला. वर पोचल्यावर झऱ्याचं गार पाणी पिंपात ओतलं, तेवढ्यात दोघांनी आणखी एक भांडण उरकलं. कोण काय म्हणालं हे मी इथं सांगत नाही. अर्धं मी मधेच गिळलं होतं. नाहीतर पोती त्या खिंडीतच राहिली असती.

उताराला एका धक्क्यानं आरसा निसटला आणि रस्त्यावर फुटला.

"आता मला कायबी दिसत न्हाई!" स्तामेना ओरडली. पहिल्यांदाच तिच्या आवाजात भीती होती.

रादिवोय पोत्यांवर पार टोकाला सरकला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली, पण वेगळ्या आवाजात. ओरडला नाही, दम दिला नाही. "सांग तिला, रस्ता सरळ हाय. आता पूल येतोय. हळू. डावीकडं एक हात. बास. आता असंच. चांगलं चाललंय तिचं." मी जसंच्या तसं सांगत गेलो. शेवटचंही सांगितलं.

मोठ्या रस्त्याला लागलो तिथं वाहतूक पोलीस उभा होता. त्यानं हात केला, मग खाली घेतला, मग परत केला. स्तामेनानं गाडी त्याच्यापाशी आणून उभी केली.

"मी हात केला," तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही माझ्याकडं येत होता की माझ्यापासून लांब जात होता?"

"तुमच्याकडं, सायेब," रादिवोय वरून म्हणाला.

"मला वाटलं, चुकीच्या बाजूनं पळून चाललाय. मी मोटारीत बसून पाठलाग करणार होतो. तर तुम्ही मोठे मोठे व्हायला लागलात." त्यानं कपाळ पुसलं. "कुठं चाललाय?"

"लेस्कोवात्सला."

"मग गाडीचं तोंड डोंगराकडं का?"

"तोंड तिकडं हाय. गाडी हिकडं चाललीया."

"ड्रायव्हर कोण?"

स्तामेनाकडं लायसन नव्हतं. मग रादिवोयनं खिशातून स्वतःचं लायसन काढून वरून खाली दिलं.

पोलिसानं ते बघितलं. "तू तर पोत्यांवर बसलायस."

"सायेब, गाडी लेस्कोवात्सला चाललीया. तर सगळ्यात पुढं कोन बसलंय?"

"तू."

"आन् मागच्या टोकाला?"

"ती बाई."

"मग डायवर पुढं बसतो का मागं?"

पोलीस ट्रकाभोवती एक फेरी मारून आला. "मग ती बाई काय करतेय?"

देसिमिरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "मागं बसून सूचना करतीया, सायेब. तुमची बायको करत न्हाई व्हय?"

पोलिसानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. आमच्या मागं, म्हणजे पुढं, म्हणजे जिकडून आलो तिकडं, गाड्यांची रांग लागून भोंगे वाजत होते. डोंगराकडून गार वारा सुटला होता.

"मी काही बघितलं नाही," तो म्हणाला. "मी पाठ फिरवतो. तुम्ही जा." त्यानं पाठ फिरवली. मग घुटमळला, आमची दिशा बघितली, आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून परत पाठ फिरवली.

बाजाराच्या वखारीचं आवार म्हणजे एक चिंचोळी बोळ आणि शेवटाला माल उतरायचा ओटा. प्रत्येक ट्रकाला तिथं पाठीनं लागावं लागतं. पाऊस येणार म्हणून सगळे ट्रकवाले घायकुतीला आलेले. एकजण आडवा अडकला होता, दुसरा त्याच्या आईचा उद्धार करत होता. रखवालदार शिट्ट्या फुंकून लालबुंद.

आडवा निघाला, बोळ मोकळी झाली. रादिवोयनं फक्त एवढंच सांगितलं, "सरळ. सरळ. दोन हात. एक हात. बास." ट्रक बोळीत शिरला आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना न घासता ओट्याला जाऊन टेकला. ओट्याच्या कडेचं रबरही दबलं नाही. शिट्टी थांबली.

ट्रकवाले गोळा झाले. रखवालदार पुढं आला.

"कुनी लावली ही? एका दमात?"

सगळ्यांची नजर टोपीवाल्या रादिवोयकडं. या लोकांबरोबर त्यानं हयात काढली होती. पाय मोडल्यापासून तो कुणाला तोंड दाखवत नव्हता. क्लचची खुंटी दिसू नये म्हणून बाजाराच्या अलीकडंच ट्रक उभा करून हमाल बोलवायचा. मी खाली बघितलं. मला वाटलं, हो म्हण लेका, पोलिसाला म्हणालास तसं.

"मी न्हाई," रादिवोय म्हणाला. "माज्या बायकोनं."

स्तामेना केबिनच्या दारात उभी होती. बोटं सुकाणूला धरून धरून वाकडी झालेली.

"मग तू कोन?" एकानं विचारलं.

"मी आरसा हाय तिचा," रादिवोय म्हणाला.

लोक हसले. पण ते हसणं वाईट नव्हतं. एकजण ताठ पायाकडं बघत पुढं आला आणि त्यानं रादिवोयला खाली उतरायला हात दिला.

"आरशाला म्हनावं," स्तामेना मला म्हणाली, "पोती उतरायची हाईत. पाऊस आला."

उतरली. शेवटची भिजली, पण खरेदीदारानं घेतली.

हिवाळ्यात देसिमिरनं धुरा काढून पालथा घातला. आता ट्रक सगळ्या जगासारखा पुढं जातो. रादिवोय एका पायानं चालवतो, दुसरा लांब करून. स्तामेना शेजारी मिरचीच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसते. त्यांची भांडणं पोचवायला आता मधे कुणी लागत नाही. तेलाला दुसरी नळी मिळाली, माझी परत आली. त्या सालच्या राकियेला तेलाचा वास येतो असं माझी बायको म्हणते, पण देसिमिर तीच पितो.

फक्त बाजाराच्या फाटकापाशी आलं की रादिवोय ब्रेक लावतो. तो ताठ पाय आधी बाहेर काढतो, उतरतो, हात टेकत गाडीला वळसा घालतो आणि मागं जाऊन उभा राहतो. स्तामेना पिशव्या बाजूला ठेवून त्याच्या जागेवर सरकते.

"सरळ," तो म्हणतो.

"दिसतंय मला," ती म्हणते.

तरी तो सांगत राहतो, आणि ती त्याला सांगू देते.